अक्का, हे पत्र डाळिंबाविषयी नाही

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. पत्र लिहायला बसण्याआधी मी तुमच्या गावाच्या दिशेला तोंड करून वाकलो आणि कमरेत उसण भरली. सूनबाईंनी शेक दिला, तेव्हा कुठे टेबलापर्यंत पोचलो. त्यामुळे नमस्कार अस्सल आहे याबद्दल शंका नसावी.) तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस की अजून भावोजींनाच आठवण करावी लागते? त्यांचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. चिरंजीव ऑफिसात, सूनबाई दवाखान्यात (नोकरीला, आजारी नाहीत), नात बालवाडीत आणि, सांगायला जरा संकोच वाटतो, मीही बालवाडीत.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून ते भावोजींच्या नावाने पाठवतो आहे. (भावोजी, नमस्कार. आपण इथवर वाचलंत तेवढं पुरे. आता हे तिच्या हातात द्या आणि थोडा वेळ बाहेर फिरून या.) आणि अक्का, एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हे पत्र डाळिंबाविषयी नाही. तू लावलेलं झाड मी तुला न विचारता तोडलं आणि तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, त्यात नवीन काही नाही. त्या विषयावर मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. मला सांगायचं आहे ते मी बालवाडीत कसा अडकलो, एवढंच.

तर झालं असं. आमच्या नातीच्या (हिला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी उभी राहिलेली ती कोणी पाहिलेली नाही) बालवाडीच्या ताईंनी यंदा ठरवलं, की मुलांना निसर्गाची काळजी घ्यायला शिकवायचं, आणि तेही पुस्तकातली फुलं रंगवून नव्हे, तर हात मातीत घालून. शाळेच्या मागे, भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये, सव्वाअकरा फूट बाय सात फुटांचा तुकडा रिकामा पडला होता (माप माझं आहे). ताईंनी पालकसभेत विचारलं, कोणाच्या घरी झाडांतलं कळणारं माणूस आहे का? भिंगरी खुर्चीवर उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, की माझ्या आजोबांनी एकट्याने अख्खं डाळिंबाचं झाड मोठं केलंय. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून दाराकडे सरकायला लागलो, तर लोकांना वाटलं मी पुढे यायला उठलोय.

आता ही बातमी तिला कुठून मिळाली? तर बैठकीतल्या त्या जुन्या फोटोवरून. त्यात तू झारी धरून उभी आहेस, मध्ये ते गुडघाभर रोप आणि पलीकडे मी, नाकात बोट घालून. एकदा जेवताना तिने विचारलं होतं, हे झाड तू लावलंस का? माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली. (मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं माझं त्या वेळी मत होतं. शिवाय त्या झाडाला मी पाणी घातलंच नाही असं नाही. तू सासरी जाताना सांगून गेलीस म्हणून घालायचो, निदान आठवेल तेव्हा.) पण हे सगळं पालकसभेत समजावून कसं सांगणार? पोर माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की मी पुढे गेलो आणि ताईंनी माझ्या हातात खुरपं दिलं. तिथून ‘बागवाले आजोबा’ ही पदवी मला चिकटली ती चिकटलीच.

मोजणी खात्यात नकाशे काढण्यात माझी चौतीस वर्षं गेली, हे तू जाणतेसच. तेव्हा मी काम पद्धतशीर सुरू केलं. आलेखाच्या कागदावर बागेचा नकाशा काढला, वाफे पाडले, दोन बियांमध्ये नऊ इंच अंतर दाखवलं, उत्तर दिशा बाणाने दर्शवली आणि कोपऱ्यात सहीसुद्धा ठोकली. मुलं एकोणीस. प्रत्येकाच्या हातात घेवड्याच्या दोन-दोन बिया दिल्या आणि नकाशा भिंतीला लावायला खिळा शोधत मी आत गेलो. परत येतो तर सगळ्यांनी मिळून एकच खड्डा खणला होता आणि अडतीसच्या अडतीस बिया त्यात घालून वर माती लोटून, हात झटकून मंडळी मोकळी झाली होती. असं का केलंत, म्हणून मी जरा आवाज चढवला. तेव्हा एक मुलगी पुढे आली. वय सव्वाचार वर्षं, दोन घट्ट वेण्या, नाकाला माती. (हिला मी मनातल्या मनात वकीलसाहेब म्हणतो. तिच्यापुढे वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्यात तिचे वडीलही आले.) ती म्हणाली, “जमिनीत अंधार असतो. एकटं बी घाबरेल ना.” मी नकाशाची गुंडाळी केली. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत असा आक्षेप एकाही शेतमालकाने घेतला नव्हता.

उरलेल्या वाफ्यात कोथिंबीर लावायचं ठरलं. धणे मी घरून नेले. बरणीतले मूठभर घेतले, मुलांकडून चपलेखाली हलके रगडून त्यांच्या दोन-दोन फाकी करून घेतल्या (हे मला येत होतं, तुझं बघून) आणि ओळीत पेरले. रोज एकोणीस झाऱ्या पाणी. चार दिवस गेले, आठ गेले, बारा गेले, वाफ्यात हूं की चूं नाही. मुलं रोज विचारायची आणि मी रोज सांगायचो, की बी झोपलंय. हे सांगणं मला फार महागात पडलं. कारण बालवाडीत जेवणानंतर झोपायची सक्ती असते आणि झोपलेल्यांशी कसं वागायचं, याचे नियम मुलांना माझ्यापेक्षा पक्के ठाऊक. दुसऱ्या दिवशी बघतो तर वाफ्यावर ओळीने एकोणीस नॅपकिन पांघरलेले, आणि जवळ जाऊन बोललो तर सगळ्यांची बोटं ओठांवर. तीन दिवस आमची बाग कुजबुजत चालली. मी शिंकलो, तर मला टाकीपलीकडे पाठवण्यात आलं. चौथ्या दिवशी एकाला वाटलं की आता फार झालं, एवढं कोणी झोपत नाही. मग सगळ्यांनी वाफ्याभोवती बसून एका सुरात “उठा” म्हणून अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या दुकानाचे मालक वजनकाटा सोडून धावत आले.

त्या संध्याकाळी सूनबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, “बाबा, बरणीतले भाजलेले धणे कुठे गेले?” अक्का, तुझ्या डोळ्यांपुढे येतंय ना? भाजलेले! मसाला दळायला म्हणून तिने खमंग भाजून ठेवलेले धणे मी पेरले होते, आणि एकोणीस पोरं पंधरवडाभर त्यांना पाणी घालून, पांघरूण घालून, गोंजारून बसली होती. मी रात्रभर विचार करून ठरवलं की गुपचूप दुसरे पेरायचे आणि विषय मिटवायचा. सकाळी शाळा भरायच्या आत खिशात ताजे धणे घेऊन गेलो. पण ताई माझ्याही आधी आलेल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी हजेरीपट तोंडासमोर धरला. हजेरीपट बराच वेळ हलत होता. मग त्या एवढंच म्हणाल्या, “आजोबा, हे मुलांना तुम्हीच सांगायचं.”

तेव्हा मला त्या बागेचा कायदा पहिल्यांदा कळला. ताई कोणाला ओरडत नाहीत, कोपऱ्यात उभं करत नाहीत. त्यांचा नियम असा, की तुमच्याकडून झाडाला काही झालं, मग ते मुद्दाम असो की चुकून, तर तीन कामं करायची. झाडाजवळ बसून त्याला सांगायचं, मग पाणी घालायचं आणि शेवटी ज्याने ते झाड लावलं त्याच्यासमोर जाऊन सांगायचं. समोर म्हणजे समोर, निरोप चालत नाही. (एक गब्दुल मुलगा दिवसातून चार-चार वेळा पानं तोडतो, कारण गुन्हेगाराला मोठी झारी मिळते. प्रत्येक कायद्यात एक पळवाट असते आणि ती त्याने दुसऱ्याच दिवशी शोधून काढली.) मी भाजलेल्या धण्यांपुढे मांडी घालून बसलो आणि गुन्हा कबूल केला. मुलं मुळीच रागावली नाहीत. एकाने फक्त विचारलं, की भाजताना त्यांना दुखलं असेल का? मी माहीत नाही म्हणालो. मग आम्ही ताजे पेरले आणि ते नवव्या दिवशी उगवले.

मध्ये गोगलगायीचंही एक प्रकरण झालं. कोवळी पानं कुरतडणारी एक गोगलगाय मी चिमटीत धरून भिंतीपलीकडे भिरकावणार, तोच एकोणीस जणांनी माझा हात धरला. निसर्गाची काळजी घ्यायची, असं ठरलं होतं ना? मग गोगलगाय निसर्गात येत नाही का? वकीलसाहेबांनी हा मुद्दा इतका लावून धरला, की शेवटी तडजोड म्हणून कोपऱ्यातला दीड फूट बाय एक फुटाचा तुकडा गोगलगायीच्या नावे करून द्यावा लागला. मी त्याच्या हद्दी खुणावून चार कोपऱ्यांना दगड रोवले. गोगलगाय रोज ती हद्द ओलांडते आणि मुलं रोज तिला उचलून आत आणून ठेवतात. दोन्ही पक्ष कंटाळलेले नाहीत.

एव्हाना त्या एका खड्ड्यातला घेवडा मोळीसारखा एकत्र वर आला होता. ताईंनी तो हळूच सोडवून प्रत्येकाचं रोप ओळीत लावून दिलं आणि शेजारी काडीवर मुलाचं चित्र लावलं. कोणाची छत्री, कोणाची होडी, कोणाचं बदक. गेल्या सोमवारी ओळ जराशी तिरकी वाटली म्हणून मी टेप काढला. (वाटली नाही, होतीच तिरकी, अडीच इंचांनी.) टेपचं एक टोक भिंगरीकडे देऊन मी मागे-मागे सरकत गेलो, आकडा वाचला आणि मग पायाखाली काहीतरी मऊ लागलं. छत्रीवालं रोप. छत्री म्हणजे वकीलसाहेब.

ती रडली नाही. रोपाकडे बोट दाखवून म्हणाली, “आजोबा, आधी बसा.” मी बसलो, रोपाला सांगितलं, पाणी घातलं, तिच्यासमोर जाऊन सांगितलं. (मध्ये एकदा उठता येईना, तेव्हा सहा मुलांनी ओढून उभं केलं.) ताईंनी रोपाला काडी लावून दोऱ्याने बांधलं. एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली. याआधी तुम्ही कुठलं झाड मारलंय का? मी काही बोलायच्या आत भिंगरीच म्हणाली, “नाही! माझ्या आजोबांनी तर डाळिंब वाढवलंय.” आणि अभिमानाने माझ्याकडे बघायला लागली.

अक्का, तोंडात घास असता तर मी पुन्हा मान हलवली असती. पण तोंड रिकामं होतं आणि समोर एकोणीस मातीने माखलेली तोंडं होती, ज्यांनी पानाला ओरखडा गेला तरी जाऊन सांगायचं हे माझ्यादेखत शिकून घेतलं होतं. मी सांगून टाकलं. ते झाड माझं नव्हतं, माझ्या मोठ्या बहिणीने लावलं होतं आणि मी ते तोडलं. का तोडलं? गाडीची शेड बांधायला. गाडी कुठंय? विकली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षभरातच गाडी चालवायला मनाई केली. (शेड मोजतानाही मी चुकलो होतो आणि गाडी दोन हात बाहेर राहायची, हे मात्र मी सांगितलं नाही. काही अब्रू शिल्लक ठेवायला हवी.) मग तुम्ही त्या आजींना जाऊन सांगितलं का? मी नाही म्हणालो. आजी आल्या होत्या, शेड बघून पिशवी खालीसुद्धा न ठेवता, पाण्याचा घोट न घेता तशाच परत गेल्या, आणि मी फाटकात उभा राहून बघत राहिलो. याला किती दिवस झाले? चार वर्षं. चार वर्षं म्हणजे किती, असं एकाने विचारलं आणि ताई म्हणाल्या, “तुम्ही जेवढे आहात तेवढी.”

मुलं विचार करत होती, की आपण जन्मल्यापासून आजपर्यंत एखाद्याने आपल्या बहिणीला सॉरी म्हटलं नाही, म्हणजे हा माणूस आहे तरी कसा! भिंगरी टेपचं टोक हातात धरून एका जागी उभी होती. त्या दिवशी घरी येताना तिने माझा हात धरला नाही, दोन पावलं पुढे चालत राहिली. मला फार लाज वाटली, अक्का. साहेबांसमोर, लोकांसमोर कधी वाटली नव्हती एवढी वाटली. घरी आल्यावर ती फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, “ही आजी चांगली होती का?” मी म्हणालो, होती काय, आहे. तेवढंच बोलणं झालं.

असो. पत्र लांबलं. एकंदरीत आमची बालवाडीतली बाग ठीक चालली आहे, छत्रीवाला घेवडा काडीला धरून उभा आहे आणि कोथिंबीर चार बोटं वर आली आहे. तुमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग. लहान कोणी असतील तर त्यांनाही नमस्कारच सांग. हल्ली लहानांना आशीर्वाद द्यायच्या भानगडीत मी पडत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र मी आपण होऊन लिहिलेलं नाही, हे कबूल करणं भाग आहे. वर्गाने लिहायला लावलं आहे. काल मी एका पानाचं पत्र लिहून नेलं होतं. मुलांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी पानं मोजली आणि वकीलसाहेबांनी ते परत केलं. चार वर्षांना निदान चार पानं हवीत, असा निकाल लागला. गोगलगाय वगैरे मजकूर त्यामुळे आलेला आहे. शुक्रवारी सगळा वर्ग रांगेने जाऊन हे पेटीत टाकणार आहे, प्रत्येकाने पाकिटाला एकेकदा हात लावून.

ता. क. दुसरा : हे पत्र डाळिंबाविषयी नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. अक्का, मी चुकलो. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या वेळी झाडाला फळंही धरली होती, हे तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. नियमाप्रमाणे पहिली दोन कामं झाली आहेत. काल सकाळी शेडमध्ये सिमेंटवर बसून झाडाला सगळं सांगितलं आणि मग झारीभर पाणी घातलं. पाणी उताराने रस्त्यावर गेलं. शेजाऱ्यांनी विचारलं, की गाडी नसताना शेड कशाला धुताय? खाली बसून रडू आलं होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून जरा वेळ झारीच विसळत बसलो.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच : तिसऱ्या कामाला पत्र चालत नाही, समोरच जावं लागतं. तेव्हा येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी (पत्र आधी पोचायला हवं) सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येतो आहे. वर्गाचा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून भिंगरीला साक्षीदार नेमून बरोबर धाडणार आहेत. तू दार उघड. रागवायचं असेल तर उघडून रागव, पिशवी हातात धरून उभा राहीन. फक्त एक विनंती आहे. तू काय म्हणालीस, ते भिंगरीला सोमवारी सगळ्या वर्गाला जसंच्या तसं सांगायचं आहे. तेव्हा चार वर्षांचं जे काही साठलं असेल ते सगळं बोल, पण चार वर्षांच्या मुलीला पाठ होईल एवढंच बोल.